गाठीवरचं लाकूड

डोळे मिटा. घट्ट नको, नुसते मिटा. आता समजा, तुमच्या मांडीवर तुमच्याच उंचीचं एक लाकूड आडवं ठेवलं आहे. त्याची साल काढलेली आहे. त्यावरून हात फिरवा. कुठं गुळगुळीत लागेल, कुठं खरखरीत, आणि एका जागी बोट जरा वर चढून पलीकडे उतरेल. तिथं पूर्वी फांदी होती. आता दुसरं समजा. हात फिरतो आहे, तो फिरताना तुम्हाला दिसतोही आहे, पण हाताकडून काही निरोपच येत नाही. गुळगुळीत नाही, खरखरीत नाही, ऊन नाही, गार नाही. दार वाजवावं आणि आत कोणी राहत नसावं, तसं. हे समजायला जड जाईल. जाऊ द्या, घाई नाही. श्रीधर गुरुजींनाही ते समजायला पुष्कळ दिवस लागले, आणि हात तर त्यांचा स्वतःचाच होता.

मे महिना होता. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या घराच्या मागं टिनाची पडवी होती, तिथं गुरुजी सकाळी पाटावर बसून काचेच्या तुकड्यानं धामणीचं लाकूड खरवडत होते. धामण म्हणजे इथं साप नव्हे, झाड. त्याचं लाकूड वाकतं आणि सोडलं की पुन्हा सरळ होतं, म्हणून धनुष्याला चांगलं. खरवडता खरवडता लाकडावर एक तांबडी रेघ दिसली. आतलाच रंग वर आला असेल, असं गुरुजींना वाटलं. लाकडात असा रंग असतो कधी कधी. त्यांनी आणखी एकदा काच ओढली आणि रेघ रुंद झाली. मग त्यांनी हात उलटा करून पाहिला. करंगळीच्या पेराशी कातडी उघडली होती आणि रक्त वाहत होतं. दुखलं नव्हतं. आता डोळ्यांनी पाहिल्यावरही दुखत नव्हतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या हाताकडे पाहावं तसे ते त्या करंगळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी बोटाला चिंधी गुंडाळली, लाकूड पुसलं, नात वेदश्री अजून आत टीव्हीसमोरच आहे ना ते बघून घेतलं, आणि पुन्हा खरवडायला लागले. भीती वाटायला हवी होती. ती कुठंतरी असणारच, पण तिचाही निरोप येत नव्हता.

गुरुजींनी सारी नोकरी शाळेत सुतारकाम शिकवण्यात काढली होती. पाट, मांडणी, खडूची पेटी, पायपुसण्याची चौकट असल्या वस्तू मुलं त्यांच्या हाताखाली करायची. वर्षातून एकदा साहेब तपासायला यायचे आणि वस्तूवरून तळवा फिरवायचे. तळव्याला काही लागलं की मार्क कमी. त्यामुळे गुरुजी मुलांना पहिल्या दिवसापासून सांगायचे, लाकूड डोळ्यानं नाही पाहायचं, बोटानं पाहायचं. डोळा भिडस्त असतो, बोट खरं सांगतं. मुलं डोळे मिटून फळ्यांवर बोटं फिरवायची आणि ओरडायची, "गुरुजी, इथं पायरी हाय!" तो आवाज त्यांना फार आवडायचा. निवृत्त झाल्यावरही दुपारी झोप लागताना तो कानात यायचा. आता यायचा नाही. कधीपासून यायचा नाही, हे त्यांना आठवत नव्हतं.

धनुष्य हवं होतं ते नातीला. वेदश्री दहा वर्षांची. तिच्या शाळेत धनुर्विद्या शिकवायला एक सर यायचे, पण बांबूची धनुष्यं थोडी आणि मुली जास्त. तिघींमध्ये एक. "माझी पाळी आली की तास संपते," ती जेवताना म्हणाली होती, आणि गुरुजी तिथल्या तिथं बोलून गेले होते, "मी करून देतो. बांबूचं नाही, लाकडाचं." त्यांचा मुलगा साकेत पुण्याला नोकरीत होता. सून शरयू सावंगीच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. सुट्टीत दिवसभर घरी हे दोघंच.

लाकूड आलं ते गेल्या वर्षी, रूपरावकडून. रूपराव लहानपणी शाळेत त्यांच्या बाकावर बसायचा, आता शेती करत होता. त्याच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या धामणीची एक फांदी विजेच्या तारेत जात होती म्हणून उतरवली, आणि ती मोटारसायकलला बांधून तो स्वतः घेऊन आला. "गुरुजी, नातीले धनुष्य करून देऊन राह्यले, का सुनेले भेव दाखवून राह्यले?" दारातूनच त्याचं सुरू झालं. शरयू हसत पाणी घेऊन आली तर म्हणतो, "बाई, तू घाबरू नको. यायनं शाळेत एक स्टूल केलतं. त्याच्यावर बसलो तं दोन दिवस कंबर धरून हिंडलो मी. याच्या बाणानं चिमणीबी नाई मरत." गुरुजी तेव्हा मोठ्यानं हसले होते. दोघांनी मिळून फांदी पाचर ठोकून उभी फोडली. करवतीनं कापली तर लाकूड तुम्ही म्हणाल तसं सरळ होतं, पण त्याच्या शिरा मधेच तुटतात. पाचरीनं फोडलं की ते आपल्या शिरेनं फाटतं, आणि मग कळतं की झाड कसं वाढलं, वाऱ्यानं कुठं वळलं, फांदी कुठं फुटली. नंतर चिरा पडू नयेत म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावायचं होतं. वितळलेलं मेण गुरुजींच्या हातावर सांडलं. "अबे, हात!" रूपराव ओरडला. गुरुजींनी हात पाहिला, मेणाची पांढरी पापडी करंगळीवर बसली होती. "सुताराचा हात आहे," ते म्हणाले, "त्याला काय होतंय." रूपराव म्हणाला, "मानलं गड्या." आणि त्या दिवशी त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं, कोणी पाठ थोपटल्यासारखं.

लाकूड वर्षभर माळ्यावर सावलीत सुकलं. त्या वर्षात गुरुजींच्या कोपराच्या खाली एक चट्टा आला. फिकट, रुपयाएवढा, मग तळहाताएवढा. खाज नाही, आग नाही. अंघोळ करताना गरम पाणी दंडावर लागायचं, मनगटावर लागायचं, मधे लागायचं नाही. उन्हाळा आला तेव्हा नीट कळलं. वर्ध्याचा उन्हाळा, कूलरसमोर बसलं तरी पाठीवरून घाम निथळतो. सगळा हात ओला आणि तेवढी जागा कोरडी. पावसात झाडाखाली राहते तशी. ते कोणाला न सांगता रोज तिथं बोट लावून बघायचे. कोरडी. त्या जागेवर त्यांचा राग नव्हता, मायाही नव्हती. ती त्यांची नव्हतीच.

त्यांचं लहानपण नालवाडीत गेलं. गावाबाहेर एक वस्ती होती, तिथं कुष्ठरोगाची माणसं राहायची, मळा करायची. श्रीधरचे वडील एकदा त्या मळ्यातली वांगी घेऊन आले. जांभळी, देठाला काटे असलेली, चांगली टपोरी. आईनं पिशवीत डोकावून विचारलं, कुठली? वडिलांनी सांगितलं. तिनं पिशवी चिमट्यात धरली, परसात नेली, खड्डा केला आणि पिशवीसकट वांगी पुरली. मग राखेनं हात घासले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. श्रीधर पायरीवर बसून पाहत होता. वांग्यांना काय झालंय, हे त्यानं विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. मोठेपणी सगळं कळलं. तो जंतूनं होणारा रोग आहे, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, उशीर केला तर मात्र नसा जातात आणि बोटं वाकतात. हे सारं गुरुजींनी एका वर्षी सरकारी मोहिमेत वर्गात फळ्यावर लिहून मुलांना शिकवलं होतं. प्रश्न विचारले होते. मुलांनी बरोबर उत्तरं दिली होती. पण हे शिकले ते गुरुजी, आणि पायरीवर बसला होता तो श्रीधर. चट्टा दिसला तेव्हा तो पायरीवरचा उठून आला. आपला चट्टा तोच की दुसरा काही, हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कोणाला दाखवलाच नव्हता.

त्यांनी केलं ते एवढंच, की फुल बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली. आपला पेला, टॉवेल, साबण वेगळा केला. शरयू म्हणाली, "बाबा, एवढ्या उन्हात फुल शर्ट काऊन घालून राह्यले? लग्नाला जायचंय का?" ते म्हणाले, "डास चावतात." "आणि पेला? पेल्यालाही डास चावते का?" यावर ते हसले, निदान तोंड तसं केलं. शरयूनं ते वयावर घातलं. म्हातारपणी माणसं चिकित्सक होतात, तिच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. वेदश्रीला मात्र कशावर घालता येत नव्हतं. पूर्वी ती आबांच्या पाठीवर लोंबकळायची, त्यांच्या ताटातली भाजी उचलायची. आता ते म्हणायचे, "लांब बस. हत्यारांना हात नको लावू. लाकडालाही नको." ती दोन हात लांब चटई टाकून बसायची आणि पाय आपटायची. "माझं धनुष्य, अन मीच नाही हात लावायचा!" तिचा चेहरा पडलेला त्यांना दिसायचा. तो दिसला की पूर्वी ते काम टाकून तिच्याशी खेळायला उठायचे. आता ते वाट पाहायचे, उठावंसं वाटतं का. मग पुन्हा काच उचलायचे.

करंगळी कापली त्या दिवशीही असंच झालं. टीव्ही बंद करून ती पडवीत आली, चटईवर बसली, आणि बराच वेळ लाकडाकडे बघून म्हणाली, "आबा, टेकडी कुठं गेली?"

"कोणती टेकडी?"

"गाठीची. काल होती ना. तुम्हीच तं म्हटलं, हिले हात नाही लावायचा."

तेव्हा गुरुजींनी पाहिलं. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. पोट आपल्याकडचं, ते तासायचं. पाठ पलीकडची, ती सालीखाली झाडानं जशी केली तशीच राहू द्यायची. धनुष्य वाकतं तेव्हा सगळा ताण पाठीवर येतो. तिथली एक शीर जरी मधे तुटली, तरी चीर तिथूनच सुरू होते. आणि गाठ असली तर तिच्यावर लाकूड जरा जास्तच सोडायचं. दिसायला ओबडधोबड दिसतं, पण शिरा गाठीला वळसा घालून जातात, त्यांना जागा लागते. हे त्यांनीच वेदश्रीला परवा शिकवलं होतं. आणि आज सकाळी काच ओढता ओढता त्यांनी तो उंचवटा साफ खाली आणला होता. शाळेतल्या पाटासारखा सपाट. तळव्याला काही न लागणारा. सारी उमर हातानं हेच केलं होतं, बोट म्हणायचं "आता थांब" तेव्हा हात थांबायचा. आज बोट काही म्हणालं नाही.

"झिजली थोडी," ते म्हणाले.

"थोडी नाही. गेलीच." ती जवळ सरकली आणि त्यांनी "लांब" म्हणायच्या आत तिचं बोट गाठीवरून फिरलं. "इथं कडेला पायरी लागते, आबा. शिरा कापल्या गेल्या. बघा ना."

त्यांनीही बोट फिरवलं. मग डोळ्यांनी पाहिलं. होती पायरी. "पायरी हाय," असं कोणी म्हटलं की त्यांना जे व्हायचं ते होईल म्हणून ते क्षणभर थांबले. झालं नाही.

दुपारी त्यांनी धनुष्य वाकवून पाहायचं ठरवलं. खरं म्हणजे ठरवलं असंही नाही. पुढचं काम ते होतं, म्हणून ते उठले. भिंतीतल्या खुंट्यांवर लाकूड मधोमध आडवं टेकवलं, दोन्ही टोकांना सैल दोरी बांधली. आता ती हळूहळू खाली ओढायची. वेदश्रीनं समोरून पाहायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. जिथं लाकूड वाकत नाही, ताठ राहतं, तिथं पोटाच्या बाजूनं पेन्सिलीनं रेघा मारायच्या, मग तेवढंच खरवडायचं. काम हळू होतं. ओढा, पाहा, रेघा मारा, सोडा. गुरुजी तिला रेघा दाखवायला सांगत होते ते लांबून, काठीनं. "डावीकडे, आबा. अजून. हां, तिथं. तिथं ऐकतच नाही ते." ती पाय आपटायचं विसरली होती.

"आता जरा जास्त ओढतो," ते म्हणाले.

"नका ना. गाठ."

त्यांनी ओढलं. लाकूड वाकलं, सुंदर वाकलं, आणि मग टक असा आवाज झाला. मोठा नाही. सुपारी फुटावी तेवढाच. त्यांनी दोरी सोडली. लाकूड तुटलं नव्हतं, पण गाठीपाशी एक लांब, बारीक कपची उठून उभी राहिली होती. ती खाली दाबावी म्हणून गुरुजींनी हात लावला, दाबली, आणि हात काढून घेतला.

वेदश्री किंचाळली.

कपचीचं टोक सकाळच्या चिंधीच्या जरा वर, त्यांच्या करंगळीत शिरून तिथंच मोडलं होतं. अर्धं आत, अर्धं बाहेर. रोपट्याला काठी लावावी तसं बाहेर आलेलं. "काही नाही झालं," गुरुजी म्हणाले. आणि ते खरंच होतं.

तिनं सरळ येऊन त्यांचा हात धरला, ते "लांब, लांब" म्हणत असतानाच, आणि दोन नखांत धरून कपची उपसून काढली. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. कोणाचा काटा काढला की त्याचं तोंड कसं होतं, हे तिला ठाऊक होतं. हे तोंड तसं झालं नाही.

"आबा, डोळे मिटा."

"काऊन?"

"मिटा ना. मी बोट धरते. कोणतं ते सांगा."

त्यांनी मिटले. अंगठा, ते म्हणाले. बरोबर. मधलं. बरोबर. मग बराच वेळ ते थांबले. कूलरच्या मोटारीचा आवाज येत होता. शेवटी ते म्हणाले, "धर की." मग त्यांनी डोळे उघडले. तिनं त्यांची करंगळी दोन्ही हातांनी धरली होती, चिमटा काढून, नखांनी, तिची स्वतःची नखं पांढरी होईपर्यंत.

नंतर तिनं जे केलं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. पेन्सिल शेजारी पडलीच होती, ती तिनं उचलली. त्यांची बाही तिनं वर सरकवली, फिकट चट्टा दिसला, ती थांबली, आणि मग पेन्सिलीच्या टोकानं टोचत वर जाऊ लागली. "लागते?" "लागतं." "इथं?" ते गप्प. गप्प राहिले की ती तिथं रेघ मारायची. करंगळी, तिच्या शेजारचं बोट, तळव्याची कड, मग कोपराखाली चट्ट्याभोवती एक पूर्ण वाटोळं कुंपण. गुरुजी आपल्या हातावर तो नकाशा तयार होताना पाहत होते. एवढा मोठा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी तो कधी एकदम पाहिलाच नव्हता.

"केव्हापासून?" ती म्हणाली, अगदी शरयूच्या आवाजात.

"झाले दिवस."

"आईला माहीत आहे?"

"नाही. आणि सांगायचं नाही." मग त्यांनी तिला थोडं सांगितलं, सगळं नाही. की हे कदाचित असं असेल, कदाचित नसेल. की लोक अशा घरी पाणी पीत नाहीत. की तिच्या शाळेत कळलं तर तिला कोणी जवळ बसू देणार नाही, धनुष्याची पाळीही देणार नाही. हे सांगताना त्यांचा आवाज सपाट होता, वर्गात सूचना वाचून दाखवतात तसा. "हे सोडून दे. रूपरावकडे आणखी लाकूड आहे. मी तुला दुसरं धनुष्य करून देतो."

"कोणत्या हातानं?" वेदश्रीनं विचारलं.

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. शरयू यायची वेळ झाली होती. "बरं, बरं," ते म्हणाले, "हे आधी धुऊन टाकतो. आई आली की घाबरेल." आणि रेघांनी भरलेला हात जरा अंगापासून लांब धरून ते न्हाणीघराकडे निघाले.

ती त्यांच्या हाताखालून वाकून पुढं पळाली. न्हाणीघराचं दार लावून त्याला पाठ टेकून खाली बसली, दोन्ही पाय समोरच्या भिंतीला रोवले, आणि गुडघे ताठ केले. गुरुजी म्हणाले, "वेदू, सरक." ती सरकली नाही. तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला, मग फाटकाचा. रोज फाटक उघडायला ती धावत जायची. आज उठली नाही. तिथूनच, डोळे आबांवर ठेवून, जेवढं ओरडता येईल तेवढ्यानं ती ओरडली,

"आई, आधी इकडं ये! चप्पल राहू दे, तशीच ये!"